गोळीची वाट

चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा एखाद्या दिवशी शाळा सुटताना वर्गाच्या दाराशी उभे राहून विद्यार्थ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांकडे नजर टाकावी. बहुतेक बाटल्या रिकाम्या असतात. काही मुलींच्या बाटल्या मात्र सकाळी घरून भरून आणल्या तशाच परत निघालेल्या दिसतात. त्यांना तहान लागत नाही असे नाही. पण पाणी प्यायले की लघवीला जावे लागते. आणि स्वच्छतागृह अस्वच्छ असते, दाराला कडी नसते, किंवा तास चालू असताना विचारायचा संकोच वाटतो. म्हणून पाणीच प्यायचे नाही, असा मार्ग त्यांनी शोधलेला असतो.

या मार्गाच्या शेवटी पुष्कळदा एक दुखणे वाट पाहत असते. लघवीला जळजळ होते, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते, ओटीपोटात दुखते. जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढले तर थंडी वाजून ताप येतो आणि कुशीत व पाठीत कळा येतात. याला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग म्हणतात. तो कोणालाही होऊ शकतो. पण पुरुषांत मूत्रमार्गाची लांबी सुमारे वीस सेंटिमीटर असते, तर स्त्रियांत ती अवघी चार सेंटिमीटरच्या आसपास असते. जंतूंना तेवढे कमी अंतर चालावे लागते. यात लाजण्यासारखे काही नाही. हे शरीरशास्त्र आहे, आणि पुढे दिसेल की यात पदार्थविज्ञानही बरेच आहे.

हे दुखणे एके काळी तीन ते पाच दिवसांच्या गोळ्यांनी हटत असे. आज डॉक्टरांना पुष्कळ वेळा सांगावे लागते, “गोळ्यांनी भागणार नाही, इंजेक्शने घ्यावी लागतील.” असे का झाले? आणि २०२४ व २०२५ या दोन वर्षांत या एका दुखण्यासाठी तीन नव्या गोळ्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा वैद्यकाच्या जगात तिची एवढी दखल का घेतली गेली? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपण आज एका गोळीबरोबर तोंडापासून मूत्राशयापर्यंत प्रवास करू.

टाकीचा हिशेब

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. या संसर्गाचे मुख्य कारण म्हणजे ‘एश्चेरिशिया कोलाय’ किंवा थोडक्यात ई. कोलाय हा जंतू. थिओडोर एशेरिक या वैद्याने १८८५ साली त्याचे प्रथम वर्णन केले. लांबी साधारण दोन मायक्रोमीटर, म्हणजे असे पाचशे जंतू एका रांगेत ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. आपल्या आतड्यात तो एरवी निमूटपणे राहतो. तेथून तो मूत्रमार्गात शिरला की उपद्रव सुरू होतो.

मूत्राशय ही एक टाकी आहे असे समजा. तिच्यात ४०० मिलिलिटर मूत्र मावते आणि रिकामी केल्यावर तळाशी ४ मिलिलिटर, म्हणजे शंभरावा भाग, उरतो असे धरू. हिशेब सोपा व्हावा म्हणून हेही धरू की टाकीत १०० जंतू आहेत आणि दर अर्ध्या तासाला त्यांची संख्या दुप्पट होते.

समजा दर तीन तासांनी टाकी रिकामी केली. तीन तासांत सहा दुपटी होतात. दोनाचा सहावा घात ६४, म्हणून १०० चे ६,४०० जंतू झाले. टाकी रिकामी केल्यावर त्यांतला शंभरावा भाग उरला, म्हणजे ६४. पुढच्या खेपेस उरतील ४१, त्यापुढे २६. जंतू हरत चालले!

आता समजा सहा तास लघवी रोखून धरली. बारा दुपटी झाल्या. दोनाचा बारावा घात ४,०९६. शंभराचे ४,०९,६०० जंतू झाले आणि रिकामी केल्यावरही ४,०९६ उरले. दुसऱ्या खेपेस उरतील दीड लाखाहून अधिक. टाकी तीच, जंतू तेच, शंभरावा भाग उरण्याचा नियमही तोच. बदलला तो फक्त वेळ. आणि तेवढ्याने हार-जीत उलटली.

हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात काय दिसते? २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांची त्यात पाहणी होती. त्यांच्यापैकी निम्म्या जणींना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितले. वर्षभरात या गटात दुखणे सरासरी १.७ वेळा उलटले; नेहमीइतकेच पाणी पिणाऱ्या गटात ३.२ वेळा. एकही औषध न देता त्रास जवळजवळ निम्म्यावर आला.

मग सगळेच जंतू वाहून का जात नाहीत? कारण जंतूच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात आणि त्यांच्या टोकाला एक प्रथिन असते. ते मूत्राशयाच्या आतील पेशींवरच्या शर्करेला पकडते. गंमत अशी की ही पकड सैल असते, पण मूत्राचा प्रवाह जंतूला ओढू लागला की ती अधिकच घट्ट होते. सरफास ओढल्यावर आवळतो तशी. शिवाय तो धागा स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा असतो. ताण आला की वेटोळी उलगडून तो लांबतो आणि हिसका पचवतो. अशा चिवट जंतूंना नुसत्या पाण्याने हटवता येत नाही. तेथे औषध लागते.

मूत्रातून परत मिळवलेले औषध

औषध मूत्राशयात पोचते कसे? याचे उत्तर देणारी एक करुण कथा आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन देण्यात आले. चेहऱ्याचा व डोळ्याचा जंतुसंसर्ग अंगभर पसरून तो मरणाच्या दारी होता. इंजेक्शने सुरू होताच त्याला उतार पडू लागला. पण जगातला पेनिसिलिनचा साठाच मुळी तेवढा तुटपुंजा! तो संपत आला तेव्हा फ्लोरी यांच्या पथकाने रोग्याचे मूत्र गोळा केले, त्यातून पेनिसिलिन परत वेगळे काढले आणि पुन्हा त्याच रोग्याला टोचले. तरीही औषध पुरले नाही आणि १५ मार्च रोजी तो दगावला.

या घटनेत एक धडा आहे. मूत्रपिंडे पेनिसिलिनला झपाट्याने शरीराबाहेर टाकतात. अंगभर पसरलेल्या रोगात ही अडचण असते, पण मूत्राशयाच्या रोगात हेच वरदान ठरते. आपली मूत्रपिंडे रक्तातून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले बहुतेक पाणी रक्तात परत घेतात. लघवी होते ती साधारण दीड लिटर. एखादे औषध गाळले गेले, पण पाण्याबरोबर परत घेतले गेले नाही, तर १८० भागिले दीड, म्हणजे सुमारे १२० पट तीव्र होऊन ते मूत्रात उतरते. उसाचा रस आटवून काकवी करावी तसेच हे. तेव्हा औषध एकदा रक्तात पोचले की पुढची वाट मूत्रपिंडे करून देतात. खरी अडचण त्याआधीच्या वाटेवर आहे.

गोळ्या निकामी कशा झाल्या

पण आधी जुन्या गोळ्यांचे काय झाले ते पाहू. पेनिसिलिन आणि त्याची भावंडे जंतूला कशी मारतात? जंतूच्या पेशीत बाहेरच्यापेक्षा दाब जास्त असतो. सायकलच्या ट्यूबला जसा टायर आवरून धरतो, तशी जंतूला एक जाळीदार भिंत आवरून धरते. जंतू वाढताना ही जाळी सतत विणावी लागते. पेनिसिलिन विणणाऱ्या एंझाइमांना चिकटते आणि त्यांचे काम बंद पाडते. टायर फाटला की ट्यूबचा फुगा बाहेर येतो आणि फुटतो. जंतूचेही तसेच होते.

पेनिसिलिनच्या रेणूचे मर्मस्थान म्हणजे चार अणूंचे एक ताणलेले कडे. काही जंतूंपाशी हे कडे तोडणारे एंझाइम असते. ती जणू त्यांची कात्री. शास्त्रज्ञांनी कात्रीला दाद न देणारी नवी औषधे काढली, तर जंतूंत अधिक धारदार कात्र्या आल्या.

जंतूंना ही अक्कल कोठून येते? अक्कल नव्हे, संख्या! पोषक अन्न मिळाले तर ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दहा तासांत तीस दुपटी झाल्या तर एका जंतूचे १०७ कोटींहून अधिक जंतू होतील. एवढ्या वेळा आनुवंशिक मजकुराची नक्कल करताना कोठेतरी चूक होणारच. कोट्यवधींतल्या एखाद्या जंतूत अशी चूक निघते की औषध त्याला लागू पडत नाही. एरवी तो गर्दीत हरवला असता. पण आपण औषध घेतले की बाकीचे मरतात आणि तो एकटा उरतो. मोकळे रान त्याचे! एवढेच नव्हे, कात्रीचा नमुना लिहिलेली डीएनएची छोटी कडी जंतू एकमेकांना देतात. वर्गात एकाची वही सगळ्यांनी उतरवून घ्यावी तसा हा प्रकार.

आपण या कामी जंतूंना भरपूर मदत केली. सर्दी-पडशाला प्रतिजैविक, शेजारणीला लागू पडले म्हणून आपल्याला तेच, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात. परिणाम काय झाला? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद मोठ्या रुग्णालयांतून दरवर्षी माहिती गोळा करते. इमिपेनेम हे शिरेतून द्यायचे जालीम औषध. २०१७ साली तपासलेल्या ई. कोलायपैकी सुमारे ८१ टक्के नमुने त्याला दाद देत होते. २०२३ साली हे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवर आले. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतील आजाऱ्यांचे आहेत, घरोघरच्या साध्या दुखण्याचे नव्हेत. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते त्यांवरून कळते.

आता समजा, सोलापुरातील एका विडी कामगार बाईला हा संसर्ग झाला. मजुरी हजार विड्यांवर मिळते. बसून विड्या वळल्या तर पैसे, नाहीतर नाही. गोळी लागू पडली तर ती घरी बसून काम करता करता बरी होईल. गोळी लागू पडली नाही तर रोज दवाखान्यात जाऊन किंवा दाखल होऊन आठवडाभर शिरेतून औषध घ्यावे लागेल. तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली, औषधाचा खर्च वाढला, घरी मुलांकडे पाहायला कोणी नाही. जंतू तोच, दुखणेही तेच. पण गोळी आणि सुई यांच्यात एका कुटुंबाच्या महिन्याच्या हिशेबाइतके अंतर पडते.

तेलाचे दार आणि पाण्याचे दार

तुम्ही म्हणाल, “इंजेक्शनातले औषध गोळीत भरले की झाले!” पण ते तसे होत नाही. का, ते पाहण्यासाठी शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करून पाहा. दोन परीक्षानळ्या घ्या. एकीत पोटॅशियम परमँगनेटचे अगदी फिके द्रावण घ्या, दुसरीत आयोडीनचे. दोन्हींत थोडे रॉकेल घाला, बूच लावून हलवा आणि स्थिर ठेवा. रॉकेल वर तरंगेल. परमँगनेटचा गुलाबी रंग खाली पाण्यातच राहील, आयोडीनचा रंग मात्र बराचसा वर रॉकेलमध्ये गेलेला दिसेल. आसपास विवे नसेल तर दिव्यापासून दूर, खिडकीजवळ हा प्रयोग करावा, हे सांगायला नकोच.

असे का झाले? परमँगनेटच्या आयनावर विद्युतभार असतो. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते, म्हणून ते या आयनाभोवती गर्दी करून त्याला धरून ठेवतात. त्यांना सोडून तेलकट द्रवात शिरायचे तर बरीच ऊर्जा खर्ची पडेल. आयोडीनच्या रेणूवर असा भार नसतो, त्यामुळे तो तेलात सुखाने जातो.

आपल्या आतड्याच्या अस्तरातील प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ, तेलकट पटल असते. पोटातून रक्तात जाणाऱ्या औषधाला बहुधा हे तेलाचे दार ओलांडावे लागते. तेथे आयोडीनसारखा रेणू हवा. याउलट ई. कोलायच्या भोवती जे बाहेरचे आवरण असते, त्यात प्रथिनांच्या पाण्याने भरलेल्या नळ्या असतात. त्यांची रुंदी साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. या पाण्याच्या दारातून परमँगनेटसारखे, पाणी आवडणारे लहान रेणूच सहज आत जातात. म्हणजे एका दारावर पाटी, ‘पाणी आवडणाऱ्यांस प्रवेश नाही’. आणि दुसऱ्या दारावर नेमकी उलटी पाटी! इंजेक्शनाला फक्त दुसऱ्या दाराची चिंता असते, कारण पहिले दार सुई ओलांडून देते. गोळीला मात्र दोन्ही दारे ओलांडावी लागतात. म्हणून चांगली गोळी सापडणे फार कठीण.

टोपी घातलेले औषध

यावर रसायनशास्त्रज्ञांनी एक सुंदर युक्ती काढली. पेनिसिलिनच्या कुळातील रेणूंवर ऋण भार असलेला आम्लगट असतो. त्यावर एस्टरची टोपी बसवली की भार झाकला जातो. टोपी घातलेला रेणू तेलाच्या दारातून आत शिरतो. आत गेल्यावर शरीरातलीच एंझाइमे टोपी काढून घेतात. मूळ रेणू मोकळा होतो आणि रक्तातून मूत्रपिंडांकडे जातो. घरी औषधांची वेष्टने असली तर त्यांवर ‘सेफुरोक्सिम ॲक्सेटिल’, ‘सेफपोडोक्सिम प्रॉक्सेटिल’ अशी जोडनावे सापडतात का ते पाहा. त्यांतले दुसरे नाव या टोपीचे असते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अलीकडे मान्यता दिलेल्या तीन गोळ्यांपैकी दोन अशाच टोपीवाल्या आहेत. एप्रिल २०२४ मध्ये मान्यता मिळालेली पिव्हमेसिलिनम ही खरे म्हणजे नवी नाही. डेन्मार्कमध्ये निघालेले हे औषध युरोपात चाळीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. स्कँडिनेव्हियातील देशांत ते इतकी वर्षे दिले जात असूनही आजही चांगले चालते. तेथे प्रतिजैविके जपून वापरण्याची शिस्त आहे, हे त्याचे एक कारण. जपून वापरलेले जुने हत्यारही चालू शकते, हा येथे मिळणारा धडा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुलोपेनेम या औषधाची गोळी आली. हिच्या टोपीचे नाव एत्झाड्रॉक्सिल. अनेक जुन्या कात्र्या हिचे कडे तोडू शकत नाहीत. या गोळीत प्रोबेनेसिड नावाचे एक जुने औषध सोबतीला घातले आहे. मूत्रपिंडात औषध झपाट्याने बाहेर फेकणारे पंप असतात. प्रोबेनेसिड त्यांना आवर घालते, म्हणजे औषध रक्तात जास्त वेळ टिकते. पेनिसिलिन दुर्मिळ होते तेव्हा ते पुरवून वापरण्यासाठीच हे प्रोबेनेसिड शोधले गेले होते! मात्र इमिपेनेमचे कडे तोडणाऱ्या सर्वांत धारदार कात्र्यांपुढे सुलोपेनेमही टिकत नाही. म्हणून शास्त्रज्ञांना कडे नसलेले, सर्वस्वी वेगळ्या घडणीचे औषध हवे होते.

पिळाचे कोडे

अशी गोळी मार्च २०२५ मध्ये आली. तिचे नाव गेपोटिडासिन. तिचे काम समजण्यासाठी दोन पदरी सुतळीचा हातभर तुकडा घ्या. दोन्ही टोके घट्ट बांधा आणि मधोमध दोन पदर बोटांनी वेगळे करत जा. दोन्ही बाजूंना पीळ साचत जाईल, सुतळी ताठ होईल, तिच्या गाठी-वेटोळी होतील आणि शेवटी बोट पुढे सरकेनासे होईल. सूतगिरणीच्या गावातल्या मुलांना पिळाची ही खोड नवी नाही.

ई. कोलायचा डीएनए हाही असाच दोन पदरी धागा आहे आणि त्याची टोके जोडून कडे झालेले आहे. हा धागा सुमारे दीड मिलिमीटर लांब, म्हणजे जंतूच्या लांबीच्या सात-आठशे पट. तो घडी घालून आत बसवलेला असतो. नक्कल करताना यंत्रणा त्याचे पदर सेकंदाला सुमारे हजार पायऱ्या या वेगाने सोडवत जाते. एका वेढ्यात साधारण साडेदहा पायऱ्या, म्हणजे सेकंदाला ९५ वेढे, मिनिटाला साडेपाच हजारांहून अधिक! एवढा पीळ पुढे साचला तर काम क्षणात थांबेल.

तो पीळ उतरवणारे ‘गायरेज’ हे एंझाइम मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली शोधले. ते धागा कापते, कापातून दुसरा भाग पलीकडे नेते आणि काप पुन्हा जोडते. टोपोआयसोमरेज-४ नावाचे त्याचे भावंड नक्कल झाल्यावर एकमेकांत अडकलेली दोन कडी सोडवते. गेपोटिडासिन या दोन्ही एंझाइमांना धरून ठेवते.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, सिप्रोफ्लॉक्सासिनही याच एंझाइमांवर काम करते ना? बरोबर. पण गेपोटिडासिन बसते ती जागा वेगळी आहे. म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणाऱ्या पुष्कळ जंतूंवरही ते चालते. शिवाय ते दोन्ही एंझाइमांना सारखेच जखडते. समजा, एका एंझाइमात वाचवणारा बदल दहा कोटी जंतूंत एकदा घडतो. मग दोन्हींत एकाच वेळी बदल घडण्याची शक्यता किती? दहा कोटी गुणिले दहा कोटी, म्हणजे एकावर सोळा शून्ये एवढ्या जंतूंत एक. संभाव्यतेचा गुणाकाराचा नियम येथे रोग्याच्या बाजूने उभा राहतो. अर्थात, जंतूंना दुसऱ्या वाटाही माहीत आहेत. आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकणे ही त्यांतली एक. तेव्हा अजिंक्य असे औषध नसते.

या गोळीची चाचणी तीन हजारांहून अधिक स्त्रियांवर, दोन अभ्यासांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तुलना होती नायट्रोफ्युरँटॉइन या जुन्या, चांगल्या गोळीशी. पहिल्या अभ्यासात नव्या गोळीचे यश ५०.६ टक्के, जुनीचे ४७.० टक्के, दुसऱ्यात ५८.५ आणि ४३.६ टक्के. “निम्म्याच बऱ्या झाल्या?” असे वाटेल. पण यशाची व्याख्या पाहा. साधारण दहा-बारा दिवसांनी सगळी लक्षणे पूर्ण गेलेली हवीत आणि मूत्रातील जंतूही ठरलेल्या मर्यादेखाली हवेत. एक अट पुरी झाली आणि दुसरी झाली नाही तर निकाल ‘नापास’. टक्केवारी वाचण्याआधी उत्तीर्ण होण्याचा नियम वाचावा, हे परीक्षेइतकेच विज्ञानालाही लागू आहे. आणखी एक गोष्ट: नव्या गोळीने काहींना जुलाब आणि मळमळ झाली. फुकट काही मिळत नाही.

पिंपरीपासून संभाजीनगरपर्यंत

या कामात आपण कोठे आहोत? प्रतिजैविकांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. छत्रपती संभाजीनगर येथील वोक्हार्टच्या संशोधन केंद्रातून अलीकडे दोन लक्षवेधी औषधे निघाली. पहिले नॅफिथ्रोमायसिन, नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ही गोळी आहे, पण न्यूमोनियासाठी. दुसरे झिडेबॅक्टम. सेफेपिम या औषधाशी त्याची जोडी जमवून, मूत्रसंस्थेच्या गुंतागुंतीच्या संसर्गावर त्याची अनेक देशांत चाचणी झाली. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत जन्मलेल्या एनमेटाझोबॅक्टमलाही, सेफेपिमच्याच जोडीने, फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत अशाच संसर्गासाठी मान्यता मिळाली.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मूत्रसंस्थेसाठी असलेल्या या दोन्ही जोड्या शिरेतून द्यायच्या आहेत. सेफेपिमच्या रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात. तेलाचे दार त्याला उघडत नाही. सुईच्या बाजूला आपल्या शास्त्रज्ञांनी मजल मारली आहे. गोळीचे कोडे सोडवणारा कोणी आज तुमच्यापैकीच एखाद्या वर्गात बसलेला असेल.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे अंदाजाने औषध न घेणे. जंतूला कोणते औषध लागू पडेल हे लघवीच्या ‘कल्चर’ तपासणीत कळते. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध खळीसारख्या थरात पसरत जाते आणि जेथे जंतू मरतात तेथे स्वच्छ वर्तुळ उमटते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून कोष्टकाशी ताडून पाहतात. हा तुमच्या पुस्तकातल्या विसरणाचाच प्रयोग! अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. नमुना औषध सुरू करण्याआधी द्यायचा, म्हणजे फसगत होत नाही.

दुसरी गोष्ट लाल रेघेची. प्रतिजैविकांच्या वेष्टनावर उभी लाल रेघ असते; तिच्याविषयी भारत सरकारने २०१६ साली मोहीम काढली. ही रेघ दिसली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घ्यायची नाही. डॉक्टर जितके दिवस सांगतील तितकेच दिवस घ्यायची, मनाने कमी नाही की जास्त नाही, आणि उरलेली कोणाला द्यायची नाही. ताप, थंडी, कुशीत दुखणे अशी लक्षणे असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. नवी गोळी शोधायला दशके लागतात. ती निकामी करायला मात्र आपला निष्काळजीपणा थोड्याच वर्षांत पुरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी, आणि ती शिक्षकांच्या हातची आहे. २०१९ साली केरळातील शाळांनी ‘पाण्याची घंटा’ सुरू केली आणि पाठोपाठ कर्नाटकानेही ती उचलली. दिवसातून ठरावीक वेळी घंटा होते आणि सगळा वर्ग एकदम पाणी पितो. कोणी विचारायला नको, कोणी संकोचायला नको. आपल्याकडे उन्हाची कमी नाही, घंटेचीही नाही. मात्र पाण्याच्या घंटेबरोबर स्वच्छतागृहात पाणी आणि दाराला कडी हवी. नाहीतर बाटली पुन्हा भरलेलीच घरी जाईल.

आपण वर केलेला टाकीचा हिशेब आता फळ्यावर पुन्हा मांडून पाहा. तीन तासांच्या जागी चार तास धरा, शंभराव्या भागाच्या जागी पन्नासावा धरा. जंतू किती वेळात जिंकू लागतात, ते शोधा. उत्तर सापडले की घड्याळाकडे पाहा, आणि बाटलीचे झाकण उघडा.